टेस्टिंगला लावलेला टीव्ही

पहाटे ५:४५

डाव्या पायाला कॅलिपर चढवायला मला अकरा मिनिटं लागतात. आधी मांडीजवळचा चामडी पट्टा, मग गुडघ्याखालचा, मग बुटाची लेस. दोन्ही बाजूंच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या नीट बसल्या की भिंतीला धरून उभं राहायचं आणि गुडघ्याजवळच्या कड्या खाली सरकवायच्या. ‘खट्’ आवाज आला की पाय पक्का बसला. तो ऐकल्याशिवाय मी पाऊल उचलत नाही.

दुसऱ्या वर्षी पोलिओ झाला. आज बावन्न वर्षांचा आहे. रानटी पोलिओची आपल्या देशातली शेवटची केस जानेवारी २०११ मधली. माझी चाल पुढच्या पिढीत कुणाच्या वाट्याला येणार नाही, याचा मला मनापासून आनंद आहे. टीव्हीवरच्या विनोदात मात्र ती अजून रोज कुणीतरी चालून दाखवतं.

चहा होईपर्यंत मोबाइल बघितला. गल्लीतल्या मंडळाच्या पोरांचा मेसेज होता : ‘काका, जुनी कुबडी आहे का घरात? गणपतीच्या स्किटला पाहिजे. कॉमेडी आहे. दोन दिवसांत परत देतो.’

कुबडी होती, माळ्यावर. ओला बूट घसरून पडलो होतो तेव्हा तीन महिने वापरलेली. पोरं वाईट नाहीत. माझ्या दुकानातले जड संच उचलायला न बोलावता येतात. म्हणून लगेच उत्तर दिलं नाही.

सकाळी ८:४०

माझी स्कूटर मागे दोन जादा चाकं लावलेली आहे. सोलापुरातल्या कन्ना चौकाकडे वळताना पानपट्टीवाल्याने नेहमीसारखी हाक मारली, “काय मालक, कुठं जालालाव?” त्याला माहीत असतं मी दुकानातच चाललोय. तरी विचारतो. अशा हाकेत माझा पाय नसतो, मी असतो. लहानपणी शाळेत मला ‘लंगड्या’ म्हणत. पुढे एका सिनेमातल्या माणसाचं नाव पडलं. मग दूरदर्शनवर नवा सिनेमा लागला की सोमवारी नवीन नाव. रविवारी संध्याकाळी मी धास्तावलेला असायचो. सिनेमात कुणी लंगडत आलं, की उद्या वर्गात काय होणार ते मला तेव्हाच कळायचं.

सकाळी ९:१५

शटर माझा मदतनीस उघडतो. सहा वर्षांपासून माझ्याकडे आहे. जन्मापासून त्याला ऐकू येत नाही. टीव्ही दुरुस्तीत न ऐकणारा माणूस काय करणार, असं मला कितीजणांनी विचारलं असेल. सांगतो. आज सकाळी पहिला आला तो बत्तीस इंची एलईडी. आवाज येतो, चित्र नाही. त्याने दुकानातला दिवा मालवला, पडद्यावर तिरकी बॅटरी मारली, आणि अंधुक चित्र हलताना दिसताच बोटांनी खूण केली : बॅकलाइट गेला. पॅनेल उघडायचं काम आम्ही दोघं मिळून करतो. ते पापडासारखं असतं, एका कोपऱ्याला जास्त जोर लागला की गेलं. तो रबरी चकत्या चिकटवून पॅनेल उचलतो, मी बसून खालच्या पट्ट्या बदलतो. आणि आवाज? स्पीकरच्या कागदावर तो तळहात ठेवतो. फाटलेला कागद हाताला वेगळा लागतो. माझ्या कानाला न कळलेले दोन स्पीकर त्याच्या हाताने पकडलेत.

सकाळी ११:००

पट्ट्या बदलल्या की संच तीन-चार तास चालू ठेवावा लागतो. त्याला आम्ही टेस्टिंगला लावणं म्हणतो. मला बातम्या नकोत, त्यात सारखी ओरड असते. मी विनोदी कार्यक्रमाचं पुनःप्रसारण लावतो. म्हणजे गेल्या काही दशकांतल्या टीव्हीवरच्या विनोदाचा मोठा हिस्सा मी पाने-पकड हातात धरून पाहिला आहे. मराठी विनोदवीरांवर माझं प्रेम आहे. दिवसभर राबलेल्या यंत्रमाग कामगाराला रात्री हसवणं ही मोठी सेवा आहे, असं मी मानतो. म्हणूनच पुढचं बोलतो.

आज लागलेल्या स्किटमध्ये मुलगी बघायला आलेला पाहुणा लंगडत आला. प्रत्येक पावलाला मागून ढोलकीची थाप. तीन पावलं, तीन थापा, तीन हशे. अजून त्याने एक वाक्यही बोललेलं नव्हतं. मग तो खुर्चीवर बसायला गेला आणि पडला, मुलीच्या बापाने ‘एक पाय कमी म्हणजे एक चप्पल वाचली’ अशा अर्थाचं काहीतरी म्हटलं, पुन्हा हशा. चौथ्या मिनिटाला काठी घेऊन कुणी मागे लागलं, आणि पाहुणा दोन्ही पायांनी धडाधड पळत सुटला. लंगडणं ढोंग होतं. सगळ्यात मोठा हशा तिथे. स्किट संपलं. नट पुढे आला, पाय सरळ करून वाकला, टाळ्या पडल्या.

त्या सरळ झालेल्या पायाकडे मी बराच वेळ बघत राहिलो. नट गुणी आहे. त्याची चाल मात्र चूक होती. पोलिओचा माणूस कमरेतून पाय फेकतो, गुडघ्यातून नाही, आणि खांदा आधी जातो. एक दिवस कुणाच्या शेजारी चालला असता तरी कळलं असतं.

पण चालीपेक्षा ते ढोंग मला जास्त लागतं. टीव्हीवर सुट्टीच्या दिवशी हमखास लागणारा ‘हाउसफुल ३’ (२०१६) घ्या : एक नायक व्हीलचेअरचं सोंग करतो, एक आंधळ्याचं, एक मुक्याचं. ‘मुझसे शादी करोगी’ (२००४) मध्ये कादर खान यांच्या पात्राला रोज नवं व्यंग, आज दिसत नाही, उद्या ऐकू येत नाही. शंभर वेळा हे पाहिलेला माणूस प्रत्यक्षात मला भेटतो तेव्हा त्याच्या डोळ्यांत शंका असते. सवलतीचं तिकीट मागितलं की पँट वर करून कॅलिपर दाखवावा लागतो. तरुण होतो तेव्हा दाखवायचो. आता कार्ड दाखवतो आणि उभा राहतो.

मदतनीसाने हाताने विचारलं : तो खरंच तसा आहे? मी मान हलवली, नाही. त्याने माझ्याकडे बोट दाखवलं, मग पडद्याकडे. मग तुला का नाही बोलावत?

त्याच्या पिढीला हा प्रश्न सहज पडतो. माझ्या पिढीला पडला नव्हता.

दुपारी १:१५

डब्यात कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. आम्ही दोघं गल्ल्यामागे बसून जेवतो आणि टीव्ही चालूच असतो. तो ओठ वाचतो, हसण्याचा अंदाज बांधतो. बहिऱ्यांसाठी टीव्हीवर उपशीर्षकं किंवा खुणांची भाषा द्यावी, याचे निकष केंद्र सरकारने सप्टेंबर २०१९ मध्ये काढले. माझ्या बाकावरच्या संचावर विनोदी कार्यक्रमाखाली मराठी ओळी मी अजून पाहिलेल्या नाहीत. बहिऱ्या माणसावरचा विनोद त्याच्यासमोर होतो, आणि त्यात काय म्हटलं ते त्याला सोडून घरातल्या सगळ्यांना कळतं. ही गोष्ट मला कधी सहन झालेली नाही.

अशोक सराफ यांच्यामुळे मी ‘हम पाँच’ चुकवत नसे. १९९५ ची झी टीव्हीवरची मालिका. त्यातल्या राधिकाला कमी ऐकू येई. विद्या बालन यांनी काही काळ ही भूमिका केली. राधिका हुशार होती, पुस्तकात बुडालेली होती, बहिणींच्या बरोबरीने भांडत होती. तिला कुणी बिचारी म्हणत नव्हतं, ती घरातली होती. तरी तिच्या वाट्याचा हशा बहुतेक वेळा चुकीचं ऐकण्यावर यायचा. तेव्हा मीही हसलो. आज समोर भाकरी मोडणारा हा मुलगा असताना ती मालिका लागली, तर मी कुठे हसेन आणि कुठे नाही, हे मला नीट सांगता येतं.

जेवताना मला नेहमी एक निकाल आठवतो. ८ जुलै २०२४, सर्वोच्च न्यायालय, सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती पारडीवाला. निपुण मल्होत्रा हे स्वतः व्हीलचेअर वापरणारे कार्यकर्ते. ‘आँख मिचोली’ या सिनेमाबद्दल ते न्यायालयात गेले होते. त्या सिनेमात विसरायला होणाऱ्या बापाला ‘भुलक्कड’, न ऐकणाऱ्याला ‘साउंडप्रूफ सिस्टीम’ आणि अडखळत बोलणाऱ्याला ‘अटकी हुई कॅसेट’ म्हटलेलं होतं. न्यायालयाने सिनेमाला हात लावला नाही, प्रमाणपत्र मिळालेलं होतं. पण पडद्यावर अपंग माणसं कशी दाखवावीत याची मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली आणि एक फरक सांगितला, जो मी दुकानात येईल त्याला सांगतो. एक विनोद अपंगत्व समजून घ्यायला मदत करतो. दुसरा माणसाला आणखी अपंग करतो. पहिल्याला आडकाठी नाही. आणि आमच्याबद्दल ठरवताना आम्हाला सोबत घ्या, हेही न्यायालयाने सांगितलं.

त्यातलं ‘अडकलेली कॅसेट’ माझ्या डोक्यातून जात नाही. नव्वदच्या दशकात माझं निम्मं पोट टेपरेकॉर्डरवर भरायचं. शेकडो अडकलेल्या कॅसेट मी सोडवल्या. गिऱ्हाईक यायचं ते कॅसेटला शिव्या देत. उघडून बघितलं तर बहुतेक वेळा कॅसेट चांगली असायची. यंत्रातला रबरी रोलर मळलेला असायचा, तो फीत ओढायचा आणि चावायचा. कापसाला स्पिरिट लावून रोलर पुसला की तीच कॅसेट सुरेल वाजायची. अडखळणाऱ्या पोराला कॅसेट म्हणणाऱ्यांनी कधी टेप उघडून पाहिला नसावा.

दुपारी ३:१०

शहराच्या पूर्व भागात एका घरी गेलो. भिंतीवरचा टीव्ही, उतरवणं जड, म्हणून मीच जातो. दारातच आजी सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसलेल्या. पान कापायचं, तंबाखू भरायची, गुंडाळायचं, दोरा. डोळे टीव्हीवर, बोटं न बघता चालू. “बसा ओ बसा,” म्हणत त्यांनी सूप सरकवलं. गुडघ्याच्या कड्या वर केल्याशिवाय मला बसता येत नाही, ते त्यांनी पाहिलं आणि न बोलता उंच स्टूल पुढे केलं. मला हे फार आवडतं. पाहायचं, विचारायचं नाही, पण सोय करायची.

दोष सेट-टॉप बॉक्सच्या वायरीत निघाला. दहा मिनिटांचं काम. तेवढ्यात घरातला सात-आठ वर्षांचा नातू येऊन उभा राहिला. त्याचा मामा हसत म्हणाला, “अरे, काकांना ते टीव्हीतलं बोलून दाखव की.”

पोरगं सरसावून उभं राहिलं. एका विनोदी कार्यक्रमातल्या तोतऱ्या माणसाची नक्कल त्याने केली. हात, डोळे, सगळं हुबेहूब. प-प-प-पाणी. घर हसलं, आजींच्या हातातली विडीसुद्धा थांबली. नक्कल संपली. मी त्याला म्हटलं, “छान. आता सांग, कुठलं चॅनेल लावू?”

त्याने तोंड उघडलं आणि शब्द येईना. मान एका बाजूला ताणली गेली, डोळे मिटले. खरं अडखळणं असं असतं, त्यात प-प-प नसतं, कधी कधी आवाजच नसतो. मामाने चटकन त्याच्या वतीने चॅनेलचं नाव सांगितलं. पोरगं माझ्या हातातल्या रिमोटकडे बघत राहिलं.

नक्कल करताना त्याची जीभ एकदाही अडली नव्हती. दुसऱ्याची भूमिका घेतली की कितीतरी अडखळणाऱ्यांचं बोलणं मोकळं होतं. म्हणजे त्या घरात सगळ्यात सरळ बोलायची वेळ त्याला तेव्हाच मिळते, जेव्हा तो स्वतःची टिंगल करतो. ती टिंगल त्याला घरच्यांनी नाही शिकवली. घरच्यांचा जीव आहे त्याच्यावर. ती वरच्या पडद्यातून आली, मी नुकत्याच दुरुस्त केलेल्या.

मी मामाला बाहेर नेऊन एवढंच सांगितलं, “त्याचा शब्द तुम्ही पुरा करू नका. वेळ लागू दे.” तो ओशाळला. “हसवायला म्हणून हो,” म्हणाला. पैसे घेताना माझा हात जड झाला होता.

संध्याकाळी ५:३०

दुकानात गर्दी. गणपतीच्या आधी सगळ्यांना टीव्ही नीट हवा असतो. एक कॉलेजचा मुलगा मोबाइल चार्जिंगला लावून थांबला होता. म्हणाला, आता टीव्हीवर काय राहिलंय, सगळं मोबाइलवर. खरं आहे, आणि तिथे हात आणखी सुटतो. स्नायू दुबळे करत जाणाऱ्या ‘एसएमए’ या आनुवंशिक आजाराच्या बाळांना लागणाऱ्या सोळा कोटींच्या इंजेक्शनवर विनोद झाले. क्युअर एसएमए फाउंडेशन सर्वोच्च न्यायालयात गेलं. ऑगस्ट २०२५ मध्ये समय रैना आणि इतरांना आपापल्या चॅनेलवर माफी मागायला सांगितलं गेलं, आणि नोव्हेंबरमध्ये अशा रुग्णांसाठी निधी जमवणारे कार्यक्रम करायला सांगितले. तो मुलगा म्हणाला, “मग काय, काही बोलायचंच नाही का?”

बोलायचं. त्याला मी निधी गोयल यांचं नाव सांगितलं. मुंबईच्या, दिसत नाही त्यांना, आणि त्या मंचावर उभ्या राहून हसवतात. लग्न, प्रेम, रस्ता ओलांडायला न विचारता हात धरणारी माणसं, सगळं त्यांच्या बोलण्यात येतं. हसताना आपण त्यांच्या बाजूला असतो. इंग्लंडमध्ये चॅनेल फोरवर २०१२ च्या लंडन पॅरालिम्पिकच्या वेळी ‘द लास्ट लेग’ सुरू झाला. सूत्रधार अ‍ॅडम हिल्स यांचा एक पाय कृत्रिम आहे. ली रिडली यांना बोलता येत नाही, ते यंत्रातून बोलतात, आणि ‘ब्रिटन्स गॉट टॅलेंट’ हा मोठा कार्यक्रम त्यांनी २०१८ मध्ये विनोद करून जिंकला. मराठीत हे का होऊ नये? आपल्याकडे सई परांजपे यांनी ‘स्पर्श’मध्ये अंध शाळेतल्या खऱ्या मुलांना घेतलं, तो १९८० सालचा सिनेमा. ‘यलो’त गौरी गाडगीळ हिने स्वतःचीच भूमिका केली, २०१४ साली. तिला डाउन सिंड्रोम आहे, आणि ती पट्टीची पोहणारी आहे. गंभीर सिनेमाला जमलं. हसवणाऱ्यांनीच दार का लावून घ्यावं?

रात्री ८:३०

माळ्यावरची कुबडी घेऊन तालमीला गेलो. मंडळाचं ऑफिस म्हणजे एक गाळा, पत्रे, दोन पंखे. सोलापूरला नाटकाचं वेड आहे. अतुल कुलकर्णी इथल्याच ‘नाट्य आराधना’तून पुढे गेले. ही पोरंही मन लावून करतात. मी बसलो, म्हटलं, आधी दाखवा.

स्किट वर्गणीचं होतं. एक लंगडा माणूस वर्गणी चुकवायला पळतो, असं काहीतरी. जो पोरगा लंगडत होता त्याने मला समोर पाहून मध्येच पाय सरळ केला. सगळे गप्प.

एक वाचणारा मुलगा आहे त्यांच्यात. तो म्हणाला, “काका, नाट्यशास्त्रातसुद्धा विदूषक असाच सांगितलाय, बुटका, कुबडा, दात पुढे आलेला.” खरं आहे. मी म्हटलं, “पण राजाला तोंडावर खरं ऐकवायचा हक्कही त्यालाच होता ना? तुम्ही कुबड घेतलं आणि तोंड काढून घेतलं.”

मग त्यांना माझी एक गोष्ट सांगितली. अपंगत्वाचा दाखला काढायला मी एका कचेरीत गेलो. टेबल दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. कठड्याला धरून, बसत-उठत वर पोचलो. साहेब म्हणाले, “जिना चढून आलात ना? मग अपंग कसे?” मी म्हटलं, “बरं, उतरतो. खाली येऊन तपासा.” ते म्हणाले, “मला खाली येता येत नाही, गुडघे दुखतात.”

पोरं खदाखदा हसली. मीही हसलो. पायावर कुणी हसलं नव्हतं. “हे घेऊ का आम्ही?” लंगडणाऱ्या पोराने विचारलं. घ्या म्हटलं. साहेब तुमच्यातला कुणी होऊ दे, जिना चढणारा मी होईन. आधी कुणी बोललंच नाही. मग एकाने वहीचं पान उलटलं आणि जिना कसा दाखवायचा यावर भांडण सुरू झालं. रविवारी पुन्हा तालीम आहे. जमेल की नाही माहीत नाही, मी कधी काम केलेलं नाही. कुबडी मी परत आणली.

रात्री १०:४५

कॅलिपर काढायला चार मिनिटं लागतात. काढण्याआधी टेबलाशी बसून पत्र लिहिलं, सकाळच्या स्किटबद्दल. वाहिनीचं नाव, कार्यक्रम, तारीख, वेळ, आणि नेमकं काय दाखवलं. शिवी नाही, धमकी नाही. अपंगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात चारचौघांत अपंगाचा हेतुपूर्वक अपमान करणं गुन्हा आहे, पण मला कुणाला तुरुंगात घालायचं नाही. मला लेखकाच्या टेबलापर्यंत पोचायचं आहे. केबल टीव्हीच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे वाहिनीने पंधरा दिवसांत तक्रारीचा निकाल द्यायचा असतो. समाधान झालं नाही तर पुढे वाहिन्यांच्याच संघटनेची तक्रार परिषद आहे. मनोरंजन वाहिन्यांसाठी ती २०११ पासून काम करते आणि तिचं अध्यक्षपद निवृत्त न्यायाधीशाकडे असतं. शेवटी एक ओळ जास्त लिहिली : पुढच्या वेळी लंगडा माणूस हवा असेल तर आम्हाला बोलवा, चाल तरी बरोबर येईल.

तुमच्या घरातही कुणी अडखळत बोलत असेल, कमी ऐकत असेल, काठी टेकत असेल. त्याच्यासोबत टीव्ही बघताना एकदा त्याच्या तोंडाकडे बघा. तो हसत नसेल, तर कार्यक्रमाचं नाव आणि वेळ लिहून घ्या आणि वाहिनीला कळवा.